मागची चाकं

चंदनझिऱ्यात सकाळी साडेसहाला
ती दोनदा खोकते, तिसऱ्यांदा धरते.
पंच्याण्णवचं मॉडेल, डिझेल, रंग मरून होता म्हणतात.
नाव पेजो.
इलियासभाई पिजो म्हणतात, आरटीओतला कारकून प्युगॉट,
आई नुसतंच, "तुझं ते."

बनवणारे कुलूप लावून गेले त्याला जमाना झाला.
तेव्हापासून जे मिळेल ते:
क्लचची केबल ओम्नीची, अर्धा इंच वाढवलेली,
पाण्याचा पाइप ट्रॅक्टरचा.
थर्मोस्टॅट एका मे महिन्यात मीच काढून टाकला होता,
इलियासभाईंनी पुन्हा बसवला.
म्हणाले, इंजिनाला थोडा ताप पाहिजे, दीदी,
नाहीतर ते नुसतं पीत बसतं.

मी बियाण्यांच्या कंपनीत. अंबड, वडीगोद्री, कधी शहागड,
कपाशीच्या प्लॉटांवर फुलं मोजते,
कुठला नर, कुठली मादी, कुठल्या बोंडाला लाल दोरा.
संकराचं मला नवल नाही.

पण दिवाळीपासून मागची चाकं
वरून आत झुकायला लागली,
गुडघे गेलेला माणूस बसस्टँडवर उभा असतो तशी.
टायर आतल्या कडेनं उंदरानं कुरतडल्यासारखे.
खाली सरकून इलियासभाई बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.
मग फक्त हात आला, तळव्यावर तांबूस भुगा.
"ॲक्सलमधल्या सुया होत्या या."

या गावात लोखंड फार दिवस जुनं राहत नाही.
एमआयडीसीकडचं आभाळ रात्री विटेच्या रंगाचं असतं.
भंगाराचे ट्रक आत जातात, सळयांचे बाहेर येतात,
आणि नेमकी त्या गेटांसमोरच
माझी तिसऱ्यातून दुसऱ्यात जात नाही.
वॉचमन बघतो. मी हॉर्न वाजवते, उगीच.

फेब्रुवारीत कासलीवालांचा फोन आला:
मॅडम, तुमच्या गाडीची बहीण आलीय यार्डात.
उद्या नऊला मॅग्नेट.

पांढरी होती. जाळीवरचा सिंह
मागच्या दोन पायांवर तसाच उभा, नाक नसलेला.
इलियासभाई, त्यांचा भाचा रेहान, मी, दोन टॉर्च.
एकेका नटाला डिझेल पाजलं
आणि बिडी संपेपर्यंत थांबलो.
घाई केली की नट तुटतो,
हे रेहानला त्या रात्री दोनदा कळलं.
पहाटे चारला ॲक्सल सुटला.
काचेचं हँडल घेतलं, दाराच्या दोन मुठी,
आणि गिअरच्या दांडीचं ते हरभऱ्याएवढं प्लास्टिकचं बूच
ज्याच्यासाठी मी पुण्याला दोन खेपा केल्या होत्या.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही.
हिरवी शाई, अक्षर शाळामास्तरी.
तेल बदलले. ब्रेक घट्ट केले. तेल बदलले.
समोर किलोमीटर, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.
आणि एका पानावर:
मागून आवाज येतो. बघू.
पुढची पानं कोरी,
पण रकाने आखलेले, शेवटपर्यंत.

नऊला ती उचलली गेली.
फार आवाज झाला नाही.
एवढी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.
ती वर फिरत असताना इलियासभाईंनी चहा मागवला
आणि पाठ करून प्यायले.

दोन ॲक्सलांचा एक करायला तीन रविवार गेले.
चाकं आता सरळ आहेत. आईसुद्धा म्हणाली,
उभी तरी नीट राहते तुझं ते.
फक्त गोलापांगरीच्या गतिरोधकावर
मागून एक बारीक कुर्र येतं, आधी नव्हतं.
इलियासभाईंनी काच खाली करून ऐकलं.
"ये अपनी का नहीं, दीदी. उसका है."

रात्री वही काढली. हिरवं पेन नव्हतं,
प्लॉटवरच्या पाट्यांचा काळा मार्कर होता.
किलोमीटर लिहिले, त्यांच्या आकड्याखाली माझे,
गणित काही जुळत नाही.
शेजारी लिहिलं:
आवाज येतो. शनिवारी खोलायचं.